जजसाहेबांचा उजवा कान

जजसाहेब माझ्या सलामाला उत्तर देत नाहीत, म्हणून सुरुवातीला मी त्यांना घमेंडखोर समजत होते. सकाळी उकडलेलं अंडं घेऊन गेले की मी हळूच सलाम करायची आणि ते पेपरातून डोकंही वर काढायचे नाहीत. मग त्यांचा ड्रायव्हर सावंत एकदा म्हणाला, "जुलेखाबाय, तुम्ही उजवीकडे उभ्या राहता. तो कान गेलेला आहे त्यांचा. लहानपणी शेतावर कोणी कानाशी बंदूक उडवली होती. डावीकडून बोला." मी डावीकडे गेले नाही. स्वयंपाकघराचं दार उजवीकडे होतं, आणि कोणी ऐकावं असं माझ्याकडे काही नव्हतंही. सांगितलेलं काम करायचं, विचारलं तर मान हलवायची, एवढ्यावर माझं चालत होतं.

माझा मुलगा म्हणतो, अम्मी, तारखा लिही. तारखा मला आठवत नाहीत. दुबईच्या करामा भागात तेव्हा मेट्रो नव्हती आणि गावाला फोन करायला बूथसमोर रांग लावावी लागायची, एवढं लिहिलं की कळणाऱ्याला कळेल. माझा नवरा मचव्यावरून समुद्रात पडून गेला होता. तो गेला तेव्हा मी रडले नाही. बायकांनी मला रडवायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकीने बांगड्या फोडायला वरवंटा आणला, तर मी बांगड्या स्वतःच काढून ताटात ठेवल्या. नणंदेला त्या बसत होत्या, फोडून काय उपयोग? त्यावरून गावात बोललं गेलं, की हिला काही वाटत नाही. खरं होतं. मला काही वाटत नव्हतं. कोलंबी बर्फात ठेवली की सोलताना बोटं बधिर होतात, कापलं तरी नंतर रक्त बघून कळतं, तसं माझं सगळं अंग झालं होतं. मुलगा लहान होता. त्याला त्याच्या दादीकडे ठेवलं आणि माझा भाऊ अन्वरभाई दुबईला होता, त्याने लावून दिलेल्या कामावर आले. विमानात मला खिडकी मिळाली होती, पण मी बाहेर पाहिलं नाही.

घर अल मनखूलला होतं, तिसऱ्या मजल्यावर. त्या घराचा आवाज म्हणजे एसीचा आवाज. खिडकीतला जुना एसी होता, तो बंद झाला की घर एकदम रिकामं वाटायचं आणि मग मशिदीची बांग, खालच्या दुकानाचं शटर, लिफ्टचं दार असं सगळं आत यायचं. जजसाहेब अमेरिकन, एकटे राहत. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांच्या मुली तिकडे अमेरिकेत आहेत. उंच माणूस, पाठीत वाकलेला, भुवया पांढऱ्या झुडपासारख्या. खाण्याचा त्रास नव्हता. जे वाढाल ते खायचे. एकदा मी माझ्यासाठी केलेली सुकट चुकून त्यांच्या ताटात गेली, तीही खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं तरी ताट रिकामं केलं. सावंत म्हणाला, "ही त्यांची आमदारकीची सवय. मतं मागत गावोगाव फिरायचे, ज्याच्या दारात जातील तो काहीतरी पुढे ठेवायचा. खाल्लं नाही तर मत गेलं."

त्यांचं सगळं आयुष्य मला असं सावंतकडून कळलं, भाजी निवडताना, तुकड्यातुकड्यांत. सावंत कुडाळचा. बडबड्या माणूस. त्याचं इंग्रजी गाडी चालवता चालवता झालेलं, त्यामुळे किती खरं आणि किती त्याने मध्ये घातलेलं, अल्ला जाणे. जजसाहेबांच्या वडिलांचं एका लहान गावात गुरांच्या चाऱ्याचं आणि दाण्याचं दुकान होतं. हे शिकून वकील झाले, मग त्यांच्या राज्याच्या विधानसभेत गेले, तिथे बरीच वर्षं होते, आणि त्यानंतर जज.

"आणि जज पण निवडून आले बरं का," सावंत म्हणाला. "तिकडे काही ठिकाणी जजलाही इलेक्शनला उभं राहावं लागतं."

"जजला मतं कोण देणार? चोर?"

"हसू नका. चोरांनी दिली असती तर पडले नसते."

पडले ते असे. एका माणसावर खुनाचा आळ होता. तो कोर्टात शेवटपर्यंत बोलला नाही. सरकारी वकील ज्युरीतल्या पंचांना म्हणाला, बघा, निर्दोष असता तर बोलला नसता का? पंचांनी त्याला दोषी ठरवलं. हे प्रकरण पुढे जजसाहेबांकडे आलं आणि त्यांनी ते रद्द केलं. त्यांच्या कायद्यात माणसाच्या गप्प राहण्याचा अर्थ काढता येत नाही. पुन्हा खटला उभा राहिला नाही, माणूस सुटला. लोक खवळले. पुढच्या निवडणुकीत लोकांनी जजसाहेबांना घरी बसवलं. त्यानंतर बायको वारली. मग इथल्या एका कंपनीने त्यांना बोलावलं. दोन कंपन्या भांडल्या की कोर्टात न जाता यांच्यासमोर येऊन बसायच्या, आणि हे दोघांचं ऐकून निवाडा द्यायचे.

ही गोष्ट सांगितली तेव्हा जजसाहेब पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते. मी सावंतला म्हटलं, "विचारा त्यांना, त्या माणसाने खून केला होता का?"

सावंतने विचारलं. जजसाहेबांनी ग्लास धुतला, पालथा घातला, आणि मग बोलले.

"म्हणतात, बहुतेक केला असावा."

"मग सोडला कशाला?"

सावंतने तेही विचारलं. जजसाहेब माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले, चार शब्द. "म्हणतात, काही न बोलणं म्हणजे काही न बोलणं. त्यात दुसरं काही नसतं." आणि मग हसून आणखी एक वाक्य बोलले, ते सावंतला फार आवडलं, तो पुढे सगळ्यांना सांगायचा, की साहेब बोलून बोलून आमदार झाले आणि गप्प बसून जज झाले. मला मात्र तेव्हा वाटलं, म्हातारा वेडा आहे. खुन्याला सोडायचं आणि स्वतःची खुर्ची घालवायची.

घरातही त्यांचं कोर्ट चालायचं. एकदा काचेचा जग फुटला. मी म्हणत होते सावंतने फोडला, सावंत म्हणत होता मी. त्यांनी आम्हा दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, आधी त्याचं ऐकलं, मग मी खुणांनी सांगितलं ते ऐकलं, आणि बराच वेळ विचार करून निकाल दिला, की जग फुटलेला आहे. एवढंच. नवीन आणा म्हणाले. सावंत म्हणाला, "या निकालासाठी अमेरिकेत माणसं वकील करतात."

माझ्या लग्नाचं अन्वरभाईने काढलं. तो रास अल खोरला एका गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करायचा. गॅरेज ज्यांच्या हातात होतं ते दाऊदशेठ, श्रीवर्धनकडचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. बायको वारलेली, मुलंबाळं नाहीत. वाईट माणूस नव्हते, हे आधीच लिहून ठेवते, कारण अशा गोष्टीत लोकांना एक वाईट माणूस लागतो. अन्वरभाई शुक्रवारी आला, सोफ्यावर न बसता स्वयंपाकघरात स्टुलावर बसला आणि म्हणाला, "जुलू, किती दिवस दुसऱ्याची भांडी घासणार? शेठ स्वतःहून म्हणाले. मला उद्या फोरमन करतील."

मी विचारलं, "आणि अस्लम?" अस्लम माझा मुलगा.

"त्याचंही बघतील ना. इन्शाल्ला."

"बघतील म्हणजे? इथे आणतील?"

"तू आधी घरात जा तर. मग सगळं होतं. इन्शाल्ला म्हटलं ना?"

तो गेल्यावर सावंत म्हणाला, "जुलेखाबाय, इथे यल्ला, म्हणजे चला, म्हटलं की काम होतं. इन्शाल्ला म्हटलं की पुढच्या वर्षी विचारा." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अन्वरभाई पुढच्या शुक्रवारी आला तेव्हा दिवस ठरवूनच आला. माझा व्हिसा जजसाहेबांच्या नावावर होता, त्यांनी सोडल्याशिवाय मला दुसरीकडे जाता येत नव्हतं, म्हणून तो त्यांना निकाहचं आमंत्रणही देऊन गेला. जजसाहेबांनी माझ्याकडे बघून हात छातीशी नेला आणि मान लववली. मुबारक म्हणायची त्यांची ती पद्धत. मी भांडी घासत राहिले.

परवा मी हे सगळं नातीला सांगत होते. ती शारजाला जन्मली, शारजाला वाढली. सगळं ऐकून म्हणाली, "बट दादी, व्हाय डिडन्ट यू जस्ट टेल हिम बिफोर?" तिला काय सांगणार? भावाने विचारलं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं नव्हतं, त्याने कळवलं होतं.

निकाह करामात खालूंच्या फ्लॅटमध्ये. खालू म्हणजे माझ्या खालाचे, मावशीचे, यजमान, जुने दुबईकर. एक हॉल, एक बेडरूम. हॉलमध्ये पुरुष, बेडरूममध्ये बायका, मध्ये दाराला फुलाफुलांचा पडदा. जिन्यात बिर्याणीची डेग ठेवली होती, तिचा वास पार खालच्या किराणा दुकानापर्यंत पोचला होता. अन्वरभाई येईल त्याला डेग किती दिरहमची, म्हणजे रुपयात किती, हे सांगत होता आणि ऐकणारे ‘बाप रे’ म्हणत होते. जजसाहेब सूट घालून आले. सगळ्यांत मोठा पाहुणा म्हणून त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं, आणि खुर्ची ठेवायला जागा होती ती पडद्याच्या अगदी कडेला. बाकी सगळे सतरंजीवर. सावंत त्यांच्या पायाशी, भाषांतराला. जजसाहेबांचा उजवा खांदा पडद्याला टेकत होता. मी आतून पाहत होते, पडदा त्यांच्या खांद्याने फुगला होता.

आमच्यात निकाहला मुलगी मौलवींपुढे जात नाही. वकील आणि दोन गवाह आत येऊन तिला विचारतात, ती संमती देते, मग वकील बाहेर जाऊन मौलवींना सांगतो. हा वकील कोर्टातला नव्हे, घरातलाच वडीलधारा असतो. माझं पहिलं लग्न झालं तेव्हा मी शाळा सोडून फार दिवस झाले नव्हते. डोक्यावरून ओढणी, घाम, अबोलीच्या वासाने डोकं उठलेलं. वकिलांनी तीनदा विचारलं, मी तीनदा गप्प. मग मागून कोणीतरी माझ्या मानेवर हात ठेवून डोकं खाली दाबलं, आणि बायका ओरडल्या, झाली, कबूल झाली! कुमारी मुलगी लाजते, तिचं गप्प राहणं म्हणजेच हो, असा आमच्यात रिवाज आहे. कोणाचा हात होता ते मला आजही माहीत नाही.

या वेळी वकील खालूच होते. आत आले, खाकरले, दाऊदशेठचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव घेतलं, मेहर सांगितला आणि विचारलं, "जुलेखा, तुझी इजाजत आहे?" मी पलंगाच्या पायाकडे बघत होते. तिथे खालाची शिवणाची मशीन होती, तिच्यावर चादर टाकली होती. दुसऱ्यांदा विचारलं. चादरीखालून मशीनचं चाक दिसत होतं. तिसऱ्यांदा विचारलं. मला वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं. मानेवर हात आला. या वेळी कोणाचा ते कळलं, खालाचा. कांद्याचा वास होता त्याला. डोकं खाली गेलं. "मुबारक," खाला म्हणाली, आणि खालू गवाहांना घेऊन बाहेर गेले.

बाहेर ते मौलवींना म्हणाले, "इजाजत मिल गयी, हजरत. शुरू कीजिए."

तेवढ्यात जजसाहेबांचा आवाज आला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. ते आपले सावंतला हळूच विचारत होते, पण सगळ्या हॉलने ऐकलं. सावंत कुजबुजून काहीतरी म्हणाला. जजसाहेबांनी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने.

मौलवी बिहारचे होते. त्यांनी विचारलं, "साहब क्या कह रहे हैं?"

"कुछ नहीं, हजरत," सावंत म्हणाला.

"कुछ तो कह रहे हैं."

सावंत अडचणीत पडला. "साहब पूछते हैं, लडकी ने क्या जवाब दिया? वो इधरही बैठे थे, उनको सुनाई नहीं दिया."

कोणीतरी हसलं. खालू म्हणाले, "अरे, बायका कधी ओरडून सांगतात का? गप्प राहिली, म्हणजे झालंच की. मान हलवली तिने."

मौलवींनी हातातलं पेन खाली ठेवलं. "खामोश रही?"

"जी, शरम से."

"खालूसाहब, आपने तो कहा था दुल्हन बेवा है, एक बच्चा है."

"हां, है ना."

"तो फिर शरम कैसी? कुंवारी की खामोशी चलती है. बेवा को जबान से कहना पडता है. जबान से नहीं कहा तो इजाजत नहीं हुई."

हॉलमधल्या लोकांनी आयुष्यभर निकाह लावले होते, पण विधवेचे किती लावले होते? रिवाज एकच पाठ होता, तोच त्यांनी इथेही चालवला. अन्वरभाई म्हणाला, "मग पुन्हा विचारा, त्यात काय! दोन मिनिटांचं काम." मौलवी उठून स्वतः पडद्याशी आले, जजसाहेबांच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "बेटी, मराठी में बोलो, कोकणी में बोलो, जो मन में है. लेकिन बोलना पडेगा."

खालाचा हात पुन्हा मानेवर आला. पण आता तो हात काही कामाचा नव्हता. डोकं कितीही हलवलं तरी चालणार नव्हतं. कितीतरी दिवसांत मला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही.

"अस्लम कुठे राहणार?"

बाहेर गडबड झाली. मौलवींनी विचारलं, कोण अस्लम? खालूंनी सांगितलं. मौलवी दाऊदशेठकडे वळले. अन्वरभाई मध्येच म्हणाला, "ते बघू ना नंतर, इन्शाल्ला…" पण दाऊदशेठ सरळ बोलले. त्याबद्दल मी त्यांना मान देते.

"मुलगा गावीच राहील, दादीपाशी. वन बेडरूममध्ये मी त्याला कुठे ठेवू? खर्चाला पाठवीन. वर्षा-दोन वर्षांनी ती जाऊन भेटेल."

"आणि माझी नोकरी?" मी विचारलं.

"माझ्या घरातली बाई दुसरीकडे कामाला जाणार नाही."

म्हणजे अस्लमच्या तोंडात घास पडेल तो त्यांच्या मर्जीने. मी म्हटलं, "मग नाही."

"क्या कहा, बेटी?"

"नाही. माझी इजाजत नाही."

तो आवाज माझा होता, पण मला तो शेजारच्या घरातून आल्यासारखा ऐकू आला. खालाने मानेवरचा हात चटका बसल्यासारखा काढला. मला आनंद झाला नाही, भीतीही वाटली नाही. लोक विचारतात तेव्हा मी हेच सांगते आणि त्यांना ते आवडत नाही. त्यांना वाटतं, मला मोकळं मोकळं वाटलं असेल. मला भूक लागली होती.

अन्वरभाई पडद्यातून आत आला, त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "उद्या गॅरेजमध्ये मी तोंड कसं दाखवू? सांग ना. आता तोंड फुटलंय ना तुला, मग सांग!" मी त्यालाही उत्तर दिलं नसतं, पण बाहेरून दाऊदशेठचा आवाज आला. "अन्वर, खलास. माणसं उपाशी बसलीत. डेग उघड, थंड होईल." आणि तेच सतरंज्या झटकायला उठले. सगळे जेवले. मीही जेवले, निकाहच्याच कपड्यांत, पलंगावर बसून. बिर्याणी चांगली होती, मीठ थोडं कमी. शेठनी अन्वरभाईला कामावर ठेवलं, फोरमन मात्र केलं नाही. अन्वरभाई कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलला. आईच्या मयतीला बोलावंच लागतं. अस्लम दादीकडेच वाढला, माझ्याच पगारावर, आणि मोठा होऊन इथे आला. त्याच्याच घरात बसून हे लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं अंडं उकडलं. जजसाहेब पेपर न उघडता बसले होते. सावंतला त्यांनी वर बोलावून घेतलं होतं. तो दाराशी किल्ल्या हलवत उभा होता.

"साहेब म्हणतात, माझ्यामुळे तुमचं लग्न मोडलं. माफी मागतात."

"त्यांना सांगा, त्यांनी नाही मोडलं. मी मोडलं. आणि सांगा, त्यांच्या कायद्याने मी वाचले. गप्प राहण्याचा अर्थ काढायचा नसतो, तो."

सावंतने सांगितलं. जजसाहेबांनी अंडं पुढे ओढलं. मग अंड्याचं टरफल चमच्याने ठोकत ठोकत, खाली बघून बोलले, आणि सावंत ते ऐकून माझ्याकडे बघेना.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, कायदाबियदा काही नाही. माझा कान खराब आहे. मला वाटलं तुम्ही उत्तर दिलंत आणि मलाच ऐकू आलं नाही, म्हणून विचारलं. तुम्ही गप्प राहिलात हे कळलं असतं तर…" सावंत थांबला.

"तर?"

"तर मीही गप्प बसलो असतो, म्हणतात. मी पाहुणा होतो. ते माझं कोर्ट नव्हतं."

मी ते ऐकलं. मला राग आला नाही. खरं बोलला माणूस. इतकी वर्षं लोकांच्या गप्प राहण्यावर निवाडे दिले, त्यात खुर्ची घालवली, आणि माझ्या वेळी त्यांचा फुटका कान तेवढा कामी आला. आजही मला कोणी म्हणालं की अमेरिकेच्या एका मोठ्या जजने तुला वाचवलं, तर मी म्हणते, जजने नाही, बंदूक ज्याने उडवली त्याने.

अंडं थंड होत होतं. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेले, काळी मिरी पुढे ठेवली आणि म्हटलं, "सलाम साहेब." त्यांनी मान वर केली. त्यानंतर ते अमेरिकेला परत जाईपर्यंत मी रोज तिथेच उभी राहिले. स्वयंपाकघरातून ती बाजू लांब पडायची.